गोळी भाकरीत दिली, पण पोटात गेली का?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोरपना तालुक्यात कापसाचं वावर राखायला रात्री जागलीला जाणारी माणसं बरीच आहेत. रानडुकरं पिकात घुसतात, म्हणून जागलीच्या माणसासोबत कुत्रा असतोच. आमच्या घरचा काळ्याही असाच जायचा. एक दिवस तो उठेना. भाकर टाकली तर नुसती हुंगायचा आणि मान वळवायचा. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचिड्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून गोचिडीपासून येणारा ताप सांगितला आणि २८ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.

आम्ही रोज भाकरीच्या तुकड्यात गोळी घालून द्यायचो. तुकडा गेला म्हणजे गोळी गेली, असं धरून चालायचो. चार दिवस तो बरा वाटला, मग पुन्हा सुस्त झाला. नवव्या दिवशी घर सारवायला कणगी सरकवली, तर घरातल्या मावशी ओरडल्या, "अवो, हे पाहा, गोळ्या तर इथंच पडल्या हायेत!" मोजल्या तर पाच निघाल्या. काळ्यानं भाकर खाल्ली होती आणि गोळी कोपऱ्यात नेऊन थुंकली होती. डॉक्टरांनी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. म्हणजे औषधाचे पैसे दोनदा गेले आणि जनावराचे हाल लांबले.

आपल्या वस्त्यांत घरोघरी नाही तरी गल्लीगल्लीत कुत्रा आहे. तो घर राखतो, वावर राखतो, लेकरांबरोबर खेळतो. त्याचा आजार त्याच्यापुरता राहत नाही. म्हणून आरोग्याच्या पानावर या वेळी कुत्र्याला औषध कसं द्यावं ते लिहीत आहोत.

आधी पाहा: नको म्हणतो, की गिळताच येत नाही?

हे सगळ्यात आधी, कारण यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

निरोगी मनाचा कुत्रा औषध नाकारतो तेव्हा तो तोंड फिरवतो, गोळी थुंकतो, पळून जातो. पण पाणी प्यायला तोंड लावतो, आवडीचा तुकडा दिला तर गिळतो. हा झाला नुसता हट्ट.

कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ सतत गळते आहे, पाण्याकडे जातो पण घोट घेता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदलला आहे, मागचे पाय लडखडतात, एकदम चिडका झाला आहे किंवा उलट अंधारात जाऊन गप्प बसतो आहे, अशी लक्षणं असतील तर तो हट्ट नव्हे. ते रेबीज असू शकतं. अशा कुत्र्याकडे पाहून 'घशात हाडूक अडकलं' असंच वाटतं. मग घरचं कोणीतरी हाडूक काढायला किंवा गोळी कोंबायला त्याच्या तोंडात हात घालतं. कुत्रा चावत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण रेबीजचा विषाणू लाळेत असतो. बोटावर कापसाच्या बोंडानं झालेली एवढीशी चीर असली तरी त्यातून तो शरीरात शिरू शकतो.

म्हणून गिळता न येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. लेकरांना दूर करा, कुत्रा एका जागी कोंडा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

हात आधीच घातला गेला असेल, लाळ जखमेला लागली असेल किंवा कुत्रा चावला, ओरखडला असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावू नका. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याची भीती आजही जुन्या माणसांच्या मनात आहे. ती जुनी लस देशातून केव्हाच गेली. आता लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात ती पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. जखम खोल असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही देतात. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही. वेळेवर धुणं आणि लस पूर्ण करणं हाच उपाय आहे, आणि तो खात्रीचा आहे.

कुत्रा औषध का टाळतो?

कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कित्येक पटीनं तीक्ष्ण असतं. गोळी भाकरीत लपवली तरी त्याला तिचा वास येतो. आपल्या बोटांना लागलेला वासही येतो. शिवाय बहुतेक गोळ्या कडू असतात. गोळी तोंडात फुटली की तो तिची चव आणि त्या चवीबरोबर ती वाटी, ती जागा, तो दोर, सगळं लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी वाटी पाहिली की निघून जातो.

आजारानंही तोंड फिरतं. मळमळत असेल, दात दुखत असेल, तोंडात जखम असेल तर नेहमीचा खादाड कुत्राही खात नाही. म्हणून त्याला हेकट म्हणून मारण्याआधी दोन दिवस काय खाल्लं, काय टाकलं ते पाहावं. मारल्यानं गोळी पोटात जात नाही. फक्त पुढच्या वेळी तो हाती लागत नाही.

दवाखान्यातून निघण्याआधी चार गोष्टी विचारा

औषध हातात घेऊन घरी आल्यावर प्रश्न सुचतात. ते तिथंच विचारून घ्यावेत.

पहिलं, गोळी उपाशीपोटी द्यायची की खाण्यासोबत? दुसरं, गोळी मोडली, कुटली तर चालेल का? काही गोळ्यांवर मुद्दाम आवरण असतं. त्या कुटल्या तर औषध वाया जातं किंवा पोटाला त्रास होतो. कॅप्सूल उघडून पूड टाकणंही विचारल्याशिवाय करू नये. तिसरं, कशासोबत द्यायची नाही? उदाहरणार्थ, गोचिडीच्या तापावर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. ते दूध-दह्यासोबत देऊ नये आणि कोरडं तर मुळीच देऊ नये. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथं जखम करते. म्हणून तिच्यामागून खाणं किंवा पाणी गेलंच पाहिजे. चौथं, कुत्रा गोळी घेतच नसेल तर पातळ औषध किंवा इंजेक्शन आहे का? पुष्कळदा असतं. पण विचारल्याशिवाय डॉक्टरांना आपल्या घरची अडचण कळत नाही.

कुत्र्याचं वजनही सांगावं लागतं, कारण मात्रा वजनावर ठरते. कापूस मोजायचा काटा आपल्याकडे वावरात असतोच. कुत्रा पोत्यात बसवून त्यावर मोजता येतो. नाहीतर घरातल्या कोणी कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहावं, मग एकट्यानं उभं राहावं आणि दोन्हींतला फरक काढावा.

तीन गोळ्यांची युक्ती

आमची चूक अशी होती की आम्ही मोठा तुकडा एकच द्यायचो. मोठा तुकडा कुत्रा चावतो, आणि चावला की गोळी सापडते. तुकडा एवढा लहान हवा की तो न चावताच गिळला जाईल.

बोराएवढे तीन गोळे करा. उकडलेल्या अंड्याचा बलक, बिनमिठाची उकडलेली कलेजी, भातात कुस्करलेलं सुकट, पिकलं केळं किंवा भाजून कुटलेले बिनमिठाचे शेंगदाणे, यांतलं जे कुत्र्याला आवडेल ते घ्या. सुकटाचा वास जबर असतो, त्यात औषधाचा वास दबतो. औषध दुसऱ्या गोळ्यात भरा. भरणाऱ्या हातानं बाहेरचा भाग लिंपू नका. एका हातानं औषध धरा, दुसऱ्या हातानं गोळा बंद करा.

कुत्र्याला जेवणाच्या वेळी, भुकेला असताना बोलवा. पहिला गोळा साधा द्या. तो विश्वासानं खाईल. दुसरा औषधाचा द्या, आणि तो तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या ओढीनं तो दुसरा घाईनं गिळतो. मग त्याचं जेवण द्या. औषध पूर्ण भांड्यातल्या भातात कालवू नका. अर्धा भात टाकला तर किती औषध गेलं ते कळत नाही, आणि दुसरा कुत्रा किंवा कोंबडी येऊन ते खाते.

घरात दोन कुत्रे असतील तर एकाला बाहेर ठेवा. त्यानंतर पाच मिनिटं कुत्र्यावर नजर ठेवा. कणगीमागं, बाजेखाली, चुलीपाशी जाऊ देऊ नका. आमच्या पाच गोळ्या इथंच गेल्या होत्या.

हातानं गोळी द्यायची वेळ आली तर

जो कुत्रा काहीच खात नाही, त्याला हातानं द्यावी लागते. हे काम त्याच्या रोजच्या माणसानंच करावं. लेकरांनी करू नये. गुरगुरणाऱ्या, पूर्वी चावलेल्या किंवा अनोळखी कुत्र्यावर हा प्रयोग करू नये. त्याला दवाखान्यातच न्यावं.

कुत्र्याला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून बसवा, म्हणजे तो मागं सरकणार नाही. त्याच्या समोर वाकून उभे राहू नका, बाजूला बसा. डावा हात वरून त्याच्या तोंडावर ठेवा. अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला सुळ्यांच्या मागं येतील असं धरा. नाक थोडं वर करा. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात गोळी धरून मधल्या बोटानं खालचे पुढचे बारके दात हळूच दाबा. तोंड उघडलं की गोळी जिभेच्या शक्य तितकी मागं, मधोमध ठेवा. जिभेच्या टोकावर ठेवलेली गोळी हमखास बाहेर येते.

लगेच तोंड मिटा, नाक खाली आणून सरळ धरा आणि गळा वरून खाली कुरवाळा. कुत्र्यानं जिभेनं नाक चाटलं म्हणजे बहुधा गोळी गेली. मग थोडं पाणी किंवा एक घास द्या. नाक दाबून श्वास कोंडू नका. गोळीला तुपाचं किंवा तेलाचं बोट लावलं तर ती सहज सरकते.

दोनदा प्रयत्न करून जमलं नाही तर थांबा. तासाभरानं पुन्हा बघा. झटापट वाढली की कुत्रा घाबरतो, आणि घाबरलेला कुत्रा घरच्यालाही चावतो.

पातळ औषध पाजताना

बैलाला बांबूच्या नळीनं औषध पाजण्याची आपल्याकडे सवय आहे. तीच पद्धत कुत्र्याला लावू नका. डोकं वर करून घशात ओतलेलं औषध श्वासनलिकेत जातं आणि फुप्फुसाला सूज येते. त्यानं कुत्रा दगावतो.

सुई काढलेली सिरिंज घ्या. ओठाचा कोपरा बाजूला ओढला की गाल आणि दात यांच्यामध्ये खिसा होतो. सिरिंज त्यात ठेवून थोडं थोडं सोडा. डोकं सरळच राहू द्या. एक घोट गिळला की दुसरा सोडा. खोकला आला तर लगेच थांबा.

घरातलं औषध कुत्र्याला देऊ नका

ताप आला की आपण घरातली पॅरासिटामॉलची गोळी शोधतो. अंगदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतो. 'एवढीशीच तर देतो' म्हणून ती कुत्र्याला दिली जाते. या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड बिघडतं, पोटात जखमा होऊन रक्त पडतं. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते. जनावरांच्या डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच द्यावं. जुन्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्याही परस्पर देऊ नयेत.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. गोचिड्या मारायला कापसावर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला लावतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तेच विष आपण कुत्र्याच्या अंगावर लावतो, कुत्रा ते चाटतो, आणि लेकरं त्याच कुत्र्याच्या गळ्यात पडतात. गोचिडीसाठी कुत्र्याचं वेगळं औषध मिळतं, तेच वापरावं. गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये, आणि हात साबणानं धुवावेत.

गोळी लपवायला कांदा-लसणाचा मसालेदार रस्साही देऊ नये. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आजारानं रक्त कमी झालेल्या कुत्र्याला तर तो आणखी घातक.

जंताची गोळी: कुत्र्याला द्यायची, लेकरांसाठी

ताप आला तर आपण औषध देतो. पण जंताची गोळी 'आजारी कुठं आहे?' म्हणून राहून जाते. कुत्र्याच्या विष्ठेतून जंताची अंडी अंगणातल्या मातीत पडतात. लेकरं मातीत खेळतात, तेच हात तोंडात जातात. काही जंतांच्या अळ्या लेकरांच्या डोळ्यापर्यंत पोचून नजर बिघडवतात.

आणखी एक जंत बोकडातून कुत्र्यात येतो. वस्तीत बोकड कापला की पाण्याची गाठ असलेली कलेजी किंवा फुप्फुस आपण कुत्र्यापुढं टाकतो. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षं वाढते, आणि मग ऑपरेशनची वेळ येते. म्हणून असला टाकाऊ भाग खोल पुरावा. कुत्र्याला द्यायचं ते उकडून द्यावं.

मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताची गोळी देतात. पिल्लांना दोन-तीन आठवड्यांची झाल्यापासून वरचेवर द्यावी लागते, तो हिशेब डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. बाजारातल्या पुष्कळ गोळ्या दहा किलो वजनाला एक अशा असतात, तरी आपल्या पाकिटावर काय लिहिलं आहे ते वाचूनच द्यावी. तारीख लक्षात राहत नाही, अशी तक्रार असते. आपण पौर्णिमेला विहारात जमतोच. दर तिसरी पौर्णिमा धरली तर तारीख चुकत नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचावी, दुसरी मात्रा डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि पुढं दरवर्षी. चार घरांनी मिळून ठरवलं तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना विहाराच्या पटांगणात बोलावून वस्तीतल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी लस देता येते.

मधे खंड पडला तर

कुत्रा बरा दिसला की गोळ्या बंद करू नका. अंगातला रोग अर्धवट दबतो आणि पुन्हा वर येतो. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या वेळी दुप्पट देऊ नका. गोळी दिल्यावर लगेच उलटी झाली तर उलटीत गोळी दिसते का ते पाहा आणि डॉक्टरांना विचारा.

आमच्याकडे अडचण आली ती ऑक्टोबरात. १९५६ साली १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, म्हणून त्या दिवसांत घरची सगळी माणसं चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला जातात. काळ्याच्या नऊ गोळ्या तेव्हा उरल्या होत्या. शेजारच्या काकूंना आधी दोन दिवस आमच्यासमोर गोळी द्यायला लावली, म्हणजे काळ्याला त्यांच्या हाताची सवय झाली. सुकट आणि गोळ्या मोजून त्यांच्याकडे ठेवल्या. परत आलो तेव्हा कॅलेंडरवर त्यांच्या हातच्या खुणा होत्या आणि पाकिटातल्या गोळ्यांचा हिशेब बरोबर होता.

ही कॅलेंडरवरची खूण आम्हाला फार कामी आली. दाराच्या मागं कॅलेंडर, त्याला दोरीनं बांधलेली पेन्सिल. भाकर खाल्ली म्हणून खूण करायची नाही. गोळी गेलेली पाहिली, पाच मिनिटं थांबलो, मगच खूण. अठ्ठाविसावी खूण झाली त्या आठवड्यात काळ्या पुन्हा जागलीला गेला.